आई-वडिलांचा कॅन्सर : औषध, शुश्रूषा आणि प्रार्थना

कॅन्सरचे निदान एका माणसाचे होते, पण आजारी पडते ते सगळे घर. त्यातही आई किंवा वडील आजारी पडले म्हणजे मुलांची स्थिती फार अवघड होते. आजवर ज्यांनी आपल्या कपाळावर मिठाच्या पाण्याच्या घड्या ठेवल्या, त्यांना आता आपण हाताला धरून न्यायचे असते. ज्यांचे ऐकायची सवय, त्यांच्यासाठीच निर्णय घ्यायचे असतात.

आमच्या चांदे-नांदे परिसरात, तसेच पिरंगुट, सूस, हिंजवडी या बाजूला कामधंद्यानिमित्त बाहेरच्या जिल्ह्यांतून येऊन राहिलेली बरीच कुटुंबे आहेत. त्यांत ख्रिस्ती कुटुंबेही आहेत. अशा घरातला मुलगा किंवा मुलगी माझ्याकडे येते तेव्हा प्रश्न दुहेरी असतात. ‘केमोनंतर ताप आला तर काय करू?’ हा पहिला, आणि थोडे थांबून, आवाज खाली आणून विचारलेला दुसरा : ‘डॉक्टर, आम्ही रोज प्रार्थना करतो, मग औषधावर विसंबणे म्हणजे विश्वास कमी पडला का?’ पहिल्या प्रश्नाचे उत्तर वैद्यकाच्या पुस्तकात मिळते. दुसऱ्याचे उत्तर न मिळाल्यामुळे उपचार अर्धवट सुटतात, म्हणून तोही डॉक्टरचाच प्रश्न आहे. या लेखात दोन्हींचा विचार करू. ख्रिस्ती नसलेल्या वाचकांनीही हा लेख जरूर वाचावा. देवाचे नाव बदलले तरी घरातली परिस्थिती तीच असते.

पहिल्या भेटीत काय विचारावे?

बायॉप्सीचा रिपोर्ट आला की घरचे लोक गोंधळून जातात आणि तज्ज्ञ डॉक्टरांसमोर बसल्यावर काहीच सुचत नाही. म्हणून प्रश्न घरीच कागदावर लिहून न्यावेत. कॅन्सर कोणत्या अवयवाचा आहे आणि कितपत पसरला आहे? उपचाराचा उद्देश रोग बरा करणे हा आहे, तो आटोक्यात ठेवणे हा आहे, की त्रास कमी करणे हा आहे? शस्त्रक्रिया, केमोथेरपी आणि रेडिएशन यांपैकी काय, कोणत्या क्रमाने आणि किती वेळा? रात्री-अपरात्री त्रास झाल्यास कुठे यायचे आणि कोणाला फोन करायचा?

यांतला उद्देशाचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. तो न विचारल्यामुळे काही घरे बरा होणारा रोग असाध्य समजून हातपाय गाळतात, तर काही घरे आटोक्याबाहेर गेलेल्या रोगासाठी जमीन विकून मोकळी होतात.

सांगावे की लपवावे?

‘आईला काही सांगू नका, ती खचून जाईल,’ असे बहुतेक मुले सांगतात. हेतू चांगला असतो. पण वॉर्डाबाहेर ‘कॅन्सर’ अशी पाटी असते, शेजारच्या खाटेवरच्या बाईचे केस गेलेले असतात, आणि घरी सगळे एकाएकी गोड बोलू लागलेले असतात. आईला बहुतेक वेळा कळलेले असते. मग ती मुलांना त्रास नको म्हणून गप्प बसते, मुले आईला त्रास नको म्हणून गप्प बसतात, आणि दोघे एकाच घरात एकेकटे रडतात.

सगळे एकदम सांगण्याची गरज नाही. आधी विचारावे, ‘तुला काय वाटतं, काय झालंय?’ मग, ‘तुला सगळं जाणून घ्यायचंय, की आम्ही पाहून घेऊ?’ तिला जेवढे हवे तेवढे सांगावे, पण खोटे सांगू नये. श्रद्धावान माणसाला हे कळण्याचा आणखी एक लाभ असतो. कोणाशी तुटलेले बोलणे पुन्हा जोडायचे असते, कॅथलिक असल्यास फादरांपाशी कन्फेशन करायचे असते, घरादाराची व्यवस्था लावायची असते. आपण लपवून ठेवले तर त्याचा हा वेळ आपण हिरावून घेतो.

घरातली शुश्रूषा

केमोथेरपीच्या औषधांनी कॅन्सरच्या पेशी मरतात, तशा शरीरातल्या झपाट्याने वाढणाऱ्या चांगल्या पेशींनाही इजा होते. तोंड येणे, केस गळणे, जुलाब आणि रक्तातील पांढऱ्या पेशी कमी होणे हे त्याचेच परिणाम. ते का होते हे समजले की निम्मी भीती जाते. पुढील गोष्टी लक्षात ठेवाव्यात.

१) ताप : घरात थर्मामीटर हवाच. केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसांत पांढऱ्या पेशी सर्वांत कमी असतात. या उपचारात ताप १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून अधिक झाला, किंवा थंडी वाजून आली, तर ती तातडीची वेळ समजावी. क्रोसिनची गोळी देऊन सकाळची वाट पाहू नये. त्याच वेळी, रात्र असली तरी, रुग्णालय गाठावे आणि ‘केमो चालू आहे’ हे आधी सांगावे. या एका नियमाने जीव वाचतात.

२) जेवण : ताजे, शिजवलेले, थोडे थोडे आणि वरचेवर. पाणी उकळून गार केलेले. फळ धुऊन, साल काढून. कच्ची कोशिंबीर, उघड्यावरचे पदार्थ आणि शिळे अन्न टाळावे. मुगाची खिचडी, नाचणीची पेज, दही-भात, चालत असल्यास नीट उकडलेले अंडे यांतून बळ मिळते. दर आठवड्याला वजन लिहून ठेवावे.

३) तोंड : मऊ ब्रश वापरावा आणि दिवसातून चार-पाच वेळा मीठ-सोडा घातलेल्या कोमट पाण्याने चुळा भराव्यात. तंबाखू, मिश्री व दारू पूर्ण बंद.

४) स्वच्छता : केमोनंतर पहिले ४८ तास रुग्णाची उलटी, लघवी किंवा खराब कपडे हाताळताना रबरी हातमोजे घालावेत व नंतर साबणाने हात धुवावेत. हे औषधाच्या अंशापासून आपल्या बचावासाठी आहे. कॅन्सर स्पर्शाने किंवा एका ताटात जेवल्याने होत नाही. म्हणून नातवंडांना आजीपासून दूर ठेवू नये. मात्र सर्दी-खोकला झालेल्याने जवळ जाऊ नये.

५) नोंदवही : औषधे, ताप, उलट्या, शौच आणि वेदना यांची तारीखवार नोंद ठेवावी. डॉक्टरांपुढे ती वही पानभर बोलण्यापेक्षा जास्त सांगते.

प्रार्थना आणि औषध

गेल्या काही वर्षांतले एक उदाहरण सांगतो. स्तनाच्या कॅन्सरसाठी केमो चालू असलेल्या एका मावशींच्या घरी बाहेरगावचे एक प्रवचनकार आले. ‘विश्वास धरला आहे ना, मग ही विषारी औषधे कशाला?’ असे ते म्हणाले. मावशी आधीच उलट्यांनी हैराण होत्या. त्यांनी पुढचा डोस नाकारला. मुलगा घाबरून माझ्याकडे आला. मी औषधाच्या बाजूने बोललो असतो तर ‘डॉक्टर तसेच म्हणणार’ असे मावशींना वाटले असते. म्हणून त्याला म्हटले, तुमच्या मंडळीच्या पाळकांना घरी बोलाव.

पाळकांनी वाद घातला नाही. पवित्र शास्त्रातली हिज्कीया राजाची गोष्ट त्यांनी मावशींना वाचून दाखवली. राजा मरणाच्या दारी होता. त्याने रडून प्रार्थना केली आणि ती ऐकली गेली. पण त्याच अध्यायात यशया संदेष्टा त्याच्या गळवावर अंजिराचे पोटीस बांधायला सांगतो. प्रार्थनाही झाली आणि औषधही झाले. दोघांत भांडण नव्हते. शुभवर्तमान लिहिणारा लूक स्वतः वैद्य होता. पौलाने तीमथ्याला पोटाच्या दुखण्यावर इलाजच सुचवला होता. मावशी ऐकत राहिल्या आणि म्हणाल्या, ‘मग डोसाच्या दिवशी तुम्ही प्रार्थना करा.’ उलट्यांवरची औषधे तज्ज्ञांनी बदलून दिली, उर्वरित डोस पूर्ण झाले. आज त्या तपासणीला ठरल्या दिवशी जातात.

कॅन्सर हमखास बरा करण्याची जाहिरात करणे हा आपल्या देशात १९५४ च्या कायद्याने गुन्हा आहे. ती जाहिरात काढ्याची असो, भस्माची असो की आणखी कशाची, तिच्यापासून दूर राहावे. घरी कोणताही काढा किंवा पूड द्यायची असल्यास तज्ज्ञांना आधी दाखवावी. काही वनस्पतींनी यकृताला त्रास होतो आणि केमोच्या औषधाचा परिणाम बदलतो.

श्रद्धेचा उपयोग कशासाठी?

श्रद्धेने गाठ विरघळते असे मी म्हणणार नाही. तसे सांगण्याला वैद्यकशास्त्रात आधार नाही. पण ज्याला आधार वाटतो तो माणूस उपचार सहन करतो, जेवतो, झोपतो, रेडिएशनच्या पाच-सहा आठवड्यांच्या फेऱ्या पुऱ्या करतो. संध्याकाळी घर एकत्र बसते, रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे एखादे भजन म्हटले जाते, आजारी माणूस त्यात सूर मिसळतो. त्या अर्ध्या तासात तो पेशंट नसतो, घरातला वडीलधारा असतो. ही गोष्ट कोणत्याही गोळीत मिळत नाही.

मात्र प्रार्थना आजारी माणसाच्या ताकदीप्रमाणे असावी. तासभर बसवत नसेल तर पाच मिनिटे पुरे. ‘तुमच्यासाठी काय मागू?’ असे आधी विचारावे. पुष्कळदा उत्तर अगदी साधे असते : ‘आज झोप लागू दे.’

दोन समजुती मात्र मनातून काढून टाकाव्यात. पहिली, ‘आमच्या हातून काही पाप झाले म्हणून हा रोग आला.’ जन्मांध माणसाविषयी शिष्यांनी येशूला हेच विचारले होते, की पाप याचे की याच्या आई-बापांचे? येशूने दोन्ही नाकारले. वैद्यकही तेच सांगते. तंबाखू, वाढते वय, काही विषाणू, काही घराण्यांत चालत आलेले जनुकीय दोष ही कारणे आम्हाला ठाऊक आहेत. आणि कित्येकदा कोणतेच कारण हाती लागत नाही.

दुसरी समजूत अधिक जिव्हारी लागते. अन्ननलिकेच्या कॅन्सरने वडील गेल्यावर एका मुलाने मला विचारले, ‘माझी प्रार्थना कमी पडली का?’ मी त्याला रोगाची अवस्था पुन्हा समजावून सांगितली. निदान झाले तेव्हाच रोग यकृतापर्यंत गेला होता. त्याने वडिलांना सहा महिने अंघोळ घातली, नळीतून अन्न दिले, रात्री जागून काढल्या. पौलाने आपल्या देहातला काटा जावा म्हणून तीनदा विनवणी केली आणि तो गेला नाही, हे त्याच्याच धर्मग्रंथात आहे. पौलाचा विश्वास कमी होता असे कोणी म्हणत नाही. मग या मुलाने स्वतःला तसे का म्हणावे?

उपास, देऊळ आणि प्रभुभोजन

उपचार चालू असताना उपास करू नये. कॅथलिक नियमातच ५९ वर्षे पूर्ण झालेल्यांना उपासाचे बंधन नाही आणि आजाऱ्यांना तर सूटच आहे. लेंटच्या दिवसांत मन खात असेल तर फादरांना विचारावे. ते जेवायलाच सांगतील.

पांढऱ्या पेशी कमी असतील त्या आठवड्यांत गर्दीच्या उपासनेला जाणे टाळावे. नाताळ किंवा ईस्टर त्याच दिवसांत आला तर पुढच्या डोसाची तारीख डॉक्टरांना आधीच विचारून ठेवावी; कधीकधी एखाद-दोन दिवस पुढे-मागे करता येतात. प्रभुभोजन घरी मिळू शकते. ज्या मंडळीत सर्वजण एकाच प्याल्यातून घेतात, तेथे रुग्णासाठी वेगळा प्याला मागावा. त्यात कोणाचा अपमान नाही.

कॅथलिक घरांत आजाऱ्याला तेल लावण्याचा संस्कार असतो. पूर्वी तो अगदी अखेरच्या घटकेला करीत, त्यामुळे फादर दारात दिसले की आजारी माणूस धास्तावत असे. १९६२ ते १९६५ या काळात भरलेल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर तो गंभीर आजारातल्या कोणाही माणसासाठी आहे असे स्पष्ट झाले, आणि आजार वाढला तर तो पुन्हाही घेता येतो. तेव्हा मोठ्या शस्त्रक्रियेपूर्वीच फादरांना बोलवावे, म्हणजे त्यांचे येणे मरणाची खूण ठरणार नाही.

भेटायला येणाऱ्यांनी ईयोबाचे मित्र आठवावेत. ते सात दिवस त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट बसले, तेवढाच काळ त्यांचा उपयोग झाला. बोलायला लागले तेव्हा दुखण्यात भर घातली. भेटीला दहा मिनिटे पुरेत, आणि ‘आमच्या नात्यात एकाला हेच झालं होतं’ ही गोष्ट घरीच ठेवावी. डबा आणून द्यावा, एखादा दिवस रुग्णालयात बसावे. ते अधिक मोलाचे.

वेदना सोसणे हे पुण्य नव्हे

‘प्रभूने क्रूसावर सोसले, मी एवढे का सोसू नये?’ असे म्हणून वेदना लपवणारे आजी-आजोबा मी पाहिले आहेत. त्यांच्या भावनेचा मान राखून सांगावेसे वाटते की, गेथशेमाने बागेत येशूनेही तो प्याला टळावा अशीच आधी विनंती केली होती. दुःख टळावे असे वाटणे यात अविश्वास नाही.

कॅन्सरच्या वेदनेवर आधुनिक उपाय शोधणाऱ्यांत एक ख्रिस्ती बाई अग्रभागी होत्या. डेम सिसिली सॉन्डर्स आधी परिचारिका, मग समाजसेविका आणि शेवटी डॉक्टर झाल्या. १९६७ मध्ये त्यांनी लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस सुरू केले. वेदना शरीराची असते, तशीच मनाची, संसाराच्या काळजीची आणि आत्म्याचीही असते, आणि चारींवर एकत्र उपचार हवेत, हा त्यांचा विचार आज जगभर मान्य आहे. आपल्याकडे टाटा रुग्णालयातील कॅन्सर शल्यविशारद डॉ. एल. जे. डिसोझा यांनी १९८६ मध्ये मुंबईत वांद्रे येथे शांती अवेदना सदन उभे केले. ते भारतातील पहिले हॉस्पिस. तेथे ख्रिस्ती सिस्टर सर्व धर्मांच्या रुग्णांची विनामूल्य सेवा करतात. गोव्यात लोटली येथेही त्यांची शाखा आहे.

आपल्याला तर एवढे लांब जाण्याचेही कारण नाही. चांदे-नांदेहून चांदणी चौकमार्गे वारज्याला गेले की सिप्लाचे पॅलिएटिव्ह केअर सेंटर लागते. १९९७ पासून तेथे कॅन्सरच्या रुग्णांची विनामूल्य शुश्रूषा होते आणि घरच्यांनाही ती शिकवतात. अशा ठिकाणी नेणे म्हणजे आशा सोडणे, ही समजूत चुकीची आहे. वेदना, उलट्या, धाप यांवरचे हे उपचार केमो चालू असतानाही घेता येतात, आणि त्रास कमी झाल्यावर रुग्ण घरी परततात.

मॉर्फिनची गोळी या वेदनेवरचे खात्रीचे औषध आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ मध्येच वेदनाशामकांची पायरीपायरीची पद्धत सांगितली, त्यात ते आहे. आपल्या देशात ते मिळणे सोपे व्हावे म्हणून २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली. वेदनेसाठी, डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या प्रमाणात घेतल्यास व्यसनाची भीती बाळगण्याचे कारण नाही. गोळी घड्याळाप्रमाणे द्यावी, दुखेपर्यंत थांबू नये. आणि बद्धकोष्ठ होते म्हणून त्यावरचे औषध सोबत द्यावे.

पैशाची बाजू

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरची शस्त्रक्रिया, केमोथेरपी व रेडिएशन यांचा समावेश आहे. रेशन कार्ड व आधार कार्ड घेऊन योजनेतील रुग्णालयात आरोग्यमित्राला भेटावे, आणि हे उपचार सुरू होण्यापूर्वी करावे. धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखीव असतात. तेथील समाजसेवा अधीक्षकांकडे अर्ज द्यावा. मुंबईला टाटा रुग्णालयात जावे लागल्यास दादरची गाडगे महाराज धर्मशाळा व परळची नाना पालकर स्मृती समिती येथे राहण्याची चौकशी करावी. रेल्वे भाड्यात कॅन्सर रुग्ण व सोबत्यास सवलत आहे. त्यासाठी रुग्णालयाचा दाखला लागतो.

मुलांनी स्वतःकडेही पाहावे

भावंडांत कामे वाटून घ्यावीत. एकाने रुग्णालय, एकाने पैसा व कागदपत्रे, एकाने घर. दूर राहणाऱ्याने सल्ले देण्यापेक्षा महिन्यातून चार दिवस येऊन जागरण करावे. सुनेवर किंवा अविवाहित मुलीवर सारा भार टाकून बाकीच्यांनी नुसती प्रार्थना करणे योग्य नाही. देवाला अर्पण केले असे म्हणून आई-बापांच्या सेवेतून अंग काढणाऱ्यांना येशूने खडसावले होते, आणि स्वतः क्रूसावर असताना आपल्या आईची सोय एका शिष्याकडे लावून दिली होती. मरणाच्या यातनांतही त्याला आई कुठे राहील याची काळजी होती. ख्रिस्ती मुलांसाठी याहून स्पष्ट शिकवण कोणती असेल?

सेवा करणाऱ्याला दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप लागेनाशी झाली, जेवण जाईना, कशातच मन लागेना, तर त्याने डॉक्टरांना दाखवावे. स्वतःची बी. पी. आणि साखरेची गोळी चुकवू नये. आईला स्तनाचा किंवा बीजकोशाचा कॅन्सर असल्यास मुलींनी व बहिणींनी आपली तपासणी कधी करावी हे तज्ज्ञांना विचारून घ्यावे.

उपचार यशस्वी होतील की नाही हे कोणताच डॉक्टर आधी छातीठोकपणे सांगू शकत नाही. थर्मामीटर हाताशी ठेवणे, गोळी वेळेवर देणे, खरे बोलणे आणि उशाशी बसणे हे मात्र आपल्या हातात आहे. तेवढे नीट केले, तर पुढे काहीही झाले तरी मुलांना स्वतःला दोष देत बसावे लागत नाही.